मनातील माणसांची कैफियत

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरच्या गडावर नवरात्रात, किंवा त्याच जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षाच्या थंडीत जो कोणी गेला असेल, त्याने संबळाच्या नाहीतर हलगीच्या तालावर घुमणाऱ्या, केस मोकळे सुटलेल्या, भोवतालच्या गर्दीचे भान हरपलेल्या स्त्रिया पाहिलेल्या असतात, आणि तो थोडा वेळ थांबला असेल, तर अंगात आलेल्या बाईपुढे तिच्याच घरची वडीलधारी मंडळी हात जोडून बसतात आणि अत्यंत अदबीने तिला विचारतात, हेही त्याने ऐकलेले असते: “कोण हाईस तू? काय पायजे तुला?” वर्षभर जिने सासूपुढे मान वर केली नाही, ती सून त्या घटकेला घोगऱ्या, परक्या आवाजात सांगते की बाळंतपणात माझी हेळसांड झाली, पंचमीला मला माहेरी धाडले नाही, माझे माप या घरात कधी भरले नाही, आणि जी तक्रार तिने स्वतःच्या नावाने केली असती तर उर्मटपणा ठरली असती, तीच तक्रार देवीच्या नावाने आल्यामुळे घर ती निमूटपणे ऐकते, नवस बोलते, साडीचोळी करते.

या प्रथेकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे मला कधी पटले नाही, आणि तिचे गोडवे गाणेही पटले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत भावावस्थेविषयी जी मर्यादा घातली आहे ती समंजस आहे: जी अवस्था त्या समाजाच्या धर्माचाराला मान्य आहे आणि जिच्यामुळे त्या व्यक्तीला क्लेश होत नाहीत, ती व्याधी नव्हे; जी अनिच्छेने येते, वारंवार येते आणि जगणे विस्कटून टाकते, ती मात्र उपचारास पात्र आहे. जेथे हात जोडणाऱ्या वडीलधाऱ्यांची जागा भगत घेतो आणि बाईला साखळीने बांधून, मिरचीची धुरी देऊन, मारहाण करून ‘बाहेरचे’ काढू पाहतो, तेथे तर प्रश्न श्रद्धेचा उरतच नाही, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हाच ठरवला आहे. परंतु त्या हात जोडून विचारलेल्या प्रश्नात एक मोठे शहाणपण आहे असे मला वाटते. माणसाच्या आत जे बोलू पाहते आहे त्याला आधी विचारावे, तू कोण आणि तुला काय हवे, हा तो प्रश्न. प्रश्न योग्य आहे. तो ज्या पत्त्यावर पाठवला जातो तो पत्ता मात्र चुकलेला आहे. बोलणारे बाहेरून आलेले नसते. ते त्या बाईचेच असते, आणि तिच्या स्वतःच्या आवाजात बोलण्याची त्याला परवानगी नसते, एवढेच.

हाच प्रश्न योग्य पत्त्यावर, म्हणजे त्या माणसाच्याच अंतःकरणातील अंशांना, त्या माणसाच्याच तोंडून विचारायचा, अशी एक उपचारपद्धती गेल्या चार दशकांत अमेरिकेत आकाराला आली आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतील समुपदेशकांतही तिची चर्चा होऊ लागली आहे. तिचे नाव ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’, म्हणजे अंतर्गत कुटुंबव्यवस्था. तिचे प्रवर्तक रिचर्ड श्वार्ट्झ हे मूळचे कुटुंबोपचारक. एका माणसाचा आजार हा पुष्कळदा साऱ्या घराच्या घडणीचा परिणाम असतो, हे ज्या शास्त्राचे गृहीतक आहे त्या शास्त्रात ते तयार झाले. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी शिकागो येथे, अनावरपणे खाऊन मग ते उलटून टाकणाऱ्या तरुण मुलींवर ते उपचार करीत होते. घरातील माणसांचे परस्परसंबंध सुधारूनही या मुलींपैकी अनेकींचा विकार हटेना, तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारले की त्या क्षणी आत काय घडते. आणि मुलींनी जे सांगितले ते एखाद्या भांडणाऱ्या घराचेच वर्णन होते. एक अंश ‘तू जाडी आहेस, कुचकामी आहेस’ म्हणून सतत टोचत असतो, त्या टोचणीने दुसरा एक लहानगा, एकाकी अंश रडू लागतो, आणि ते रडणे असह्य होऊन तिसरा अंश अन्नावर तुटून पडतो. मग पहिला पुन्हा टोचायला मोकळा. श्वार्ट्झ यांना बाहेरच्या कुटुंबांचा जो अभ्यास होता, तो त्यांनी या आतल्या कुटुंबाला लावून पाहिला.

प्रारंभी त्यांनीही तेच केले जे आपण सगळे स्वतःशी करीत असतो: वाईट वाटणाऱ्या अंशाला दटावून, गप्प बसवून, हुसकावून देण्याचा प्रयत्न. त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलेली एक हकीकत आहे. स्वतःच्या शरीराला इजा करून घेणाऱ्या एका मुलीच्या त्या अंशाला त्यांनी एका बैठकीत इतके रेटले की अखेर त्याने ‘पुन्हा असे करणार नाही’ असे कबूल केले. पुढच्या आठवड्यात ती मुलगी आली ती चेहऱ्यावर मोठी जखम घेऊन. हताश होऊन श्वार्ट्झ त्या अंशाला उद्देशून म्हणाले की तुझ्यापुढे मी हरलो. आणि मुलीच्या तोंडून उत्तर आले की तुम्हाला हरवण्याची मला काही हौस नाही. हे ऐकताच दटावणी सोडून त्यांनी प्रथमच कुतूहलाने विचारले, मग तू हे का करतोस? त्या अंशाने सांगितले ते असे की लहानपणी या मुलीवर अत्याचार होत असता तिला त्या शरीरातून बाहेर काढणे आणि ज्या संतापाने तिच्यावर आणखी मार ओढवला असता तो संताप दाबून टाकणे, हे त्याचे काम होते. ते काम तो अद्याप करीत आहे, कारण धोका टळला आहे हे त्याला कोणी कळवलेलेच नाही. या पद्धतीचा सारा पाया या एका प्रसंगात आहे. श्वार्ट्झ यांचा सविस्तर ग्रंथ १९९५ साली आला, आणि २०२१ साली सामान्य वाचकांसाठी त्यांनी जे पुस्तक लिहिले त्याच्या शीर्षकातच त्यांनी म्हटले आहे की मनाचा कोणताही अंश वाईट नसतो.

या अंशांची ते त्यांच्या कामावरून ढोबळ वर्गवारी करतात. जे अंश दुःख, लाज, भय यांचे ओझे घेऊन मनाच्या तळघरात कोंडले गेले आहेत, ते हद्दपार. पुष्कळदा ते वयाने लहान असतात, म्हणजे ज्या वयात आघात झाला त्याच वयात थिजून राहिलेले. ते हद्दपार वर येऊ नयेत म्हणून दैनंदिन कारभार कडकपणे हाकणारे दुसरे अंश असतात, त्यांना कारभारी म्हणू: शिस्त, टीका, आगाऊ चिंता, इतरांना खूश ठेवण्याची धडपड, ही त्यांची कामे. आणि इतका बंदोबस्त करूनही एखादा हद्दपार उसळून वर आलाच, तर हाती लागेल त्या साधनाने तो वणवा विझवायला धावणारे तिसरे, ते बंबवाले. दारू, तंबाखू, संताप, अतोनात खाणे, रात्र रात्र मोबाइलमध्ये डोके खुपसून बसणे, आणि टोकाच्या क्षणी मरणाचा विचार, हे त्यांचे पाणी. घर भिजते की मोडते याची पर्वा बंबवाल्यांना नसते. आग विझली पाहिजे.

हे सारे पाश्चात्त्य ग्रंथांतील आकृत्यांवरून समजून घेण्यापेक्षा आपल्या मुलखातील एखाद्या माणसाला डोळ्यांसमोर आणावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या परिसराला जो भूकंपाचा धक्का बसला, त्यात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे दगावली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यापासून माणसांना जपले होते, तीच झोपलेल्यांच्या अंगावर आली. पन्नासहून अधिक गावे मूळ जागेवरून उठवून नव्या ठिकाणी वसवावी लागली. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता ते डॉ. मोहन आगाशे, ज्यांना बहुतेक वाचक नट म्हणून ओळखतात, त्यांनी या भूकंपग्रस्तांच्या मानसिक आघाताचा अभ्यास केला, हीही त्या आपत्तीच्या इतिहासातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट होय. कारण पत्रे, धान्य, सिमेंट यांची मोजदाद होत असताना मनाचीही पाहणी झाली पाहिजे, ही जाणीव आपल्या शासनव्यवहारात तोवर फारशी नव्हती.

आता अशी कल्पना करावी की भूकंपाच्या वेळी नऊ वर्षांचा असलेला, ढिगाऱ्याखालून स्वतः निघालेला परंतु धाकट्या भावाला काढू न शकलेला एक मुलगा आज चाळिशीचा गृहस्थ झाला आहे. घर त्याने पक्क्या स्लॅबचे बांधले आहे, तरी पावसाळा सोडला तर तो ओसरीवरच झोपतो. पहाटे चारच्या आत त्याला जाग येते आणि तो अंधारात प्रत्येक लेकराच्या अंथरुणाशी जाऊन श्वास ऐकून येतो. मुलांना सहलीला पाठवायचे म्हटले की घरात कज्जा होतो. आणि गणपती उठले की दोन-तीन दिवस तो दारूत बुडालेला असतो, एरवी थेंबाला न शिवणारा. शेजारी त्याला चक्रम म्हणतात, बायको हट्टी म्हणते, आणि तो स्वतःला भ्याड म्हणतो. अंशांच्या भाषेत पाहिले तर यांतील एकही शब्द खरा नाही. पहाटे श्वास मोजणारा एक कारभारी आहे, जो तीस वर्षांहून अधिक काळ इमानाने पहारा करीत आहे. ते दोन-तीन दिवस बेभान होणारा एक बंबवाला आहे. आणि त्या दोघांच्या मागे, दगडाखाली भावाचा हात शोधणारा नऊ वर्षांचा पोरगा आहे, ज्याच्याजवळ त्या पहाटेपासून आजपर्यंत कोणीही जाऊन बसलेले नाही. दारू सोड, झोप नीट घे, मुलांना मोकळे सोड, असा उपदेश करणारा मनुष्य पहारेकऱ्याला पहारा सोडायला सांगत असतो. परंतु ज्याच्या रक्षणासाठी पहारा आहे त्याची चौकशी मात्र तो करीत नाही. म्हणून उपदेश वाया जातो, आणि उपदेश न ऐकल्याचा ठपका पुन्हा त्या माणसावरच येतो.

येथे त्या पद्धतीतील चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कल्पना येते. श्वार्ट्झ यांचे म्हणणे असे की हे सारे अंश बाजूला सरले की प्रत्येक माणसात शिल्लक राहते असे एक ‘स्व’ असते, जे शांत असते, ज्याला कुतूहल असते, करुणा असते, धीर असतो, आणि जे कितीही मोठ्या आघाताने मोडत नाही, फक्त झाकले जाते. उपचारकाचे काम अंशांवर हुकूम गाजवणे हे नव्हे. त्या स्वला आणि अंशांना समोरासमोर आणणे, हे होय. आपल्याकडील वाचकाला हे ऐकताच एक पक्षी फळ खातो आणि दुसरा नुसता पाहात असतो ते उपनिषदातील दृश्य आठवेल, साक्षी आठवेल, आणि ‘हे तर आमच्या पूर्वजांनी कधीच सांगितले’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो मोह आवरावा असे मी सुचवीन. उपनिषदातील साक्षी नुसता पाहतो. या उपचारातील स्व जवळ जाते, विचारते, मांडीवर घेते, आणि त्यासाठी आत्म्यावर विश्वास असण्याची अट नाही. साम्य आहे ते दुसऱ्या एका ठिकाणी अधिक आहे. मराठवाड्यातील जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी स्वतःच्या मनाला उद्देशून दोनशेपाच श्लोक लिहिले, आणि त्या मनाला ते आरंभीच सज्जन म्हणून संबोधतात. ज्याला वळण लावायचे त्याला आधी मानाने हाक मारायची, ही रीत आहे. पैठणच्या एकनाथांनी तर भारुडांत आंधळा, बहिरा, जोशी, गोंधळी अशा कितीतरी सोंगांच्या तोंडून बोलून दाखवले आणि काम-क्रोधाचा विंचू रंगभूमीवर आणून त्याच्याशी व्यवहार केला. या परंपरेत वाढलेल्या माणसाला स्वतःच्या रागाशी बोलायचे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही.

पाश्चात्त्य मानसशास्त्रातही ही कल्पना एकाएकी उगवलेली नाही. फ्रॉइडने १९२३ साली मनाचे तीन विभाग मांडले, युंगने गंडांची स्वायत्तता सांगितली, इटलीच्या असाजिओलींनी उपव्यक्तित्वांचा विचार केला, मोरेनोंनी मनातील पात्रे प्रत्यक्ष रंगमंचावर उभी केली, पर्ल्स यांनी रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावले, आणि एरिक बर्न यांनी प्रत्येकात एक पालक, एक प्रौढ आणि एक बालक असतो हे विश्लेषण इतके सोपे करून सांगितले की व्यवस्थापनाच्या शिबिरांतही ते शिकवले जाऊ लागले. श्वार्ट्झ यांची भर ही की अंशांशी झगडायचे नाही, त्यांची संख्या ठरवायची नाही, आणि कोणालाही घराबाहेर काढायचे नाही.

प्रत्यक्ष बैठकीत काय घडते, याविषयी लोकांच्या मनात गूढ असते. ते थोडे दूर करावे. लातूर शहरात राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांच्या निकालांतून ‘लातूर पॅटर्न’ हे नाव रूढ झाले, आणि आज तेथे, तसेच नांदेडातही, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी खेड्यापाड्यांतून हजारो मुले येऊन खोल्या घेऊन राहतात. त्यांतील एखादी, उदगीर तालुक्यातून आलेली, पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलेली आणि आता ‘रिपीटर’ म्हणून दुसऱ्यांदा तयारी करणारी मुलगी समुपदेशिकेपुढे बसली आहे असे समजू. पहाटे साडेचारला उठते, दिवसभर वाचते, आणि रात्री अकरानंतर मोबाइलवरची चित्रे सरकवीत दोन वाजवते. मग स्वतःला दूषणे देते.

“आतून कुणीतरी सारखं बोलायलंय मॅडम, तुझ्याच्यानं होत नाही म्हणून.”

“ते कुठं जाणवतं तुला?”

“इथं छातीत. दगड ठेवल्यावानी.”

“आणि त्याच्याबद्दल तुला काय वाटतं?”

“राग येतोय. गप बसावं त्यानं.”

समुपदेशिका येथे त्या रागाला चूक म्हणत नाही. जो राग येतो आहे तोही एक अंशच आहे, त्याला थोडा वेळ बाजूला बसायला सांगता येईल का, एवढेच ती विचारते. मुलगी डोळे मिटते. काही वेळाने म्हणते की आता राग कमी झाला, आता त्या बोलणाऱ्याची जरा कीवच यायली. उपचारातील वळण ते हेच. कारण कीव आली, कुतूहल आले, याचा अर्थ आता बोलते आहे ते स्व. मग समुपदेशिका सांगते, त्यालाच विचार की हे काम तू थांबवलंस तर काय होईल अशी भीती तुला वाटते. बराच वेळ शांतता राहते, आणि मग उत्तर येते:

“ते म्हणतंय, मी गप बसलो तर ही झोपंल. आन् पप्पाला पुन्हा त्या दुकानात उभं रहावं लागंल.”

दुकान म्हणजे तालुक्याच्या गावचे खत-बियाण्यांचे दुकान, जेथे ही मुलगी आठ वर्षांची असताना बापाचे बोट धरून उभी होती, आणि उधारीवर बियाणे मागणाऱ्या बापाला दहा माणसांदेखत जे ऐकून घ्यावे लागले ते तिने खालून, त्याच्या तोंडाकडे पाहात ऐकले होते. त्या क्षणाची लाज त्या आठ वर्षांच्या पोरीने अंगावर घेतली. तेव्हापासून कारभारी तिला पहाटे उठवतो, आणि दिवसभराच्या त्याच्या चाबकाने ती लाज पुन्हा चाळवली की रात्री बंबवाला मोबाइल हाती देतो. पुढच्या काही बैठकींत घाई न करता, कारभाऱ्याची रीतसर परवानगी घेऊन, आजची एकोणीस वर्षांची मुलगी मनाने त्या दुकानात जाते, त्या लहानगीशेजारी उभी राहते, तिला जे सांगायचे ते सगळे शेवटपर्यंत ऐकून घेते, आणि मग तिला तेथून बाहेर घेऊन येते. याला ते ओझे उतरवणे म्हणतात. कारभारी मात्र जात नाही. त्याचे काम बदलते. चाबूक सोडून तो वेळापत्रकाचा सल्लागार होतो. परीक्षेत तिला किती गुण मिळतील हे कोणताही उपचारक सांगू शकणार नाही, आणि सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. परंतु अपयश आले तर ते एका परीक्षेतील अपयश असेल, बापाच्या अब्रूचा निकाल असणार नाही, एवढा फरक पडू शकतो. एवढ्या फरकावर जीव वाचतात.

मी या पद्धतीविषयी आस्थेने लिहितो आहे, म्हणूनच तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. तिची प्रसिद्धी तिच्या पुराव्याच्या पुष्कळ पुढे गेली आहे. २०१३ साली संधिवाताच्या ७९ रुग्णांवर झालेल्या एका यदृच्छ विभागणीच्या चाचणीत, ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्या वेदना, हालचाल आणि खिन्नता यांत केवळ माहिती मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. बालपणीच्या आघातांनंतरच्या विकारावरचे आणि विद्यार्थिनींच्या विषादावरचे अभ्यास आहेत, ते लहान आहेत. विचार आणि वर्तन यांत बदल घडवणाऱ्या ज्या उपचारपद्धतींमागे शेकडो चाचण्यांचा आधार आहे, त्यांच्या पंक्तीला ही अद्याप बसलेली नाही. ‘अंश’ ही वस्तुस्थिती आहे की बोलण्याची सोयीस्कर रीत, हाही वाद मिटलेला नाही. माझ्या मते रुग्णाला त्याने फारसा फरक पडत नाही, परंतु उपचारकाला पडला पाहिजे. कारण अंश ही कल्पना अक्षरशः घेतली, तर सूचनेला वश होणाऱ्या रुग्णाच्या मनात न घडलेल्या घटनांच्या आठवणी निर्माण होण्याचा धोका असतो. ज्याला प्रत्यक्ष नसलेले आवाज ऐकू येतात, ज्याचा वास्तवाशी संबंध तुटला आहे, त्याला आधी मनोविकारतज्ज्ञाची आणि औषधांची गरज आहे. त्याला आतल्या आवाजांशी बोलायला बसवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. आणि आपल्या मुलखात तर आणखी एक सावधगिरी हवी: या उपचाराची भाषा अर्धवट शिकलेला मनुष्य फार सहज भगताच्या गादीवर जाऊन बसेल.

याहून मोठी एक मर्यादा आहे, आणि ती मराठवाड्यात बसून लिहिणाऱ्याने सांगितलीच पाहिजे. त्या मुलीच्या मनातील दुकान कल्पनेत ओलांडता येते. तिच्या बापाला मात्र येत्या जूनमध्ये त्याच दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे असते. सोयाबीनचा भाव, पावसाचा खंड, पीकविम्याचा अर्ज, सावकाराचे व्याज ही मनातील माणसे नव्हेत. खचलेल्या शेतकऱ्याच्या आत जो अंश ‘आता संपवावे’ म्हणतो, त्याला जवळ घेऊन विचारले तर तोही रक्षणकर्ताच निघेल, अपमानापासून सुटका करू पाहणारा. परंतु त्याची फिर्याद निम्मी मनाच्या दरबारातली असली तर निम्मी तहसील कचेरीतली आणि बँकेतली असते, आणि तेथे दाद लागली नाही तर समुपदेशकाचे सारे कौशल्य अपुरे पडते. २०१५ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ चालवला, ज्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन खिन्नतेची लक्षणे टिपून घेतात आणि गरजूंना पुढे पाठवतात. या कामाचे मोल मला कोणत्याही परदेशी पद्धतीपेक्षा अधिक वाटते, कारण आशाताई त्या घराचे कर्जही जाणते आणि त्या घराची बोलीही. ‘काळीज घाबरं होतंय’, ‘करमना गेलंय’, ‘डोकं बधिर झालंय’ यांतील कोणते वाक्य उन्हाने थकल्याचे आहे आणि कोणते जगण्याला कंटाळल्याचे, हे तिला कळते. अशा कार्यकर्त्यांना आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांतून मानसशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना, रुग्णाच्या आतील टीकाकाराला न दटावता त्याचे म्हणणे कसे ऐकावे, एवढा एक संस्कार जरी रीतसर शिकवला, तरी या पद्धतीतील उत्तम भाग कोणत्याही परदेशी प्रमाणपत्राशिवाय गावात पोचेल.

ज्याला आज मदत हवी आहे त्याने मात्र त्याची वाट पाहू नये. नांदेडच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर, ऑक्टोबर २०२२ पासून, दिवसरात्र केव्हाही विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. या विशिष्ट पद्धतीत शिकलेला उपचारक जवळपास मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी त्याची मूळ पदवी कोणती, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणवीत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंद आहे की नाही, हे निःसंकोच विचारावे. पहिल्या एक-दोन भेटींत त्याने झोपेची, भुकेची, चालू औषधांची, घरच्या माणसांची आणि मरणाच्या विचारांची विचारपूस न करता थेट आतल्या लहान मुलाशी बोलण्याचा आग्रह धरला, तर तेथून उठून दुसऱ्या दाराशी जावे.